मकाऊ: आधी गल्ल्या, मग कॅसिनो

मकाऊहून परतल्यावर भेटेल त्याचा एकच प्रश्न: "किती जिंकलात?" खरं उत्तर असं की मी पंचवीस मिनिटांत चारशे हाँगकाँग डॉलर हरलो आणि उरलेले अडीच दिवस आईबरोबर गल्ल्या तुडवल्या. पुन्हा गेलो तर हेच करीन, फक्त चारशेचे दोनशे.

पणजीत मांडवीवर तरंगते कॅसिनो आणि चार पावलांवर फोंतेन्हासच्या निळ्या-पिवळ्या भिंती असतात. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचं मकाऊ हे त्याचंच थोरलं भावंड. पोर्तुगीज इथे १५५७ च्या सुमारास स्थिरावले, आणि १८४४ पर्यंत या वसाहतीचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, मकाऊ २० डिसेंबर १९९९ ला चीनकडे गेलं. मध्ये अडतीस वर्षं आणि एक दिवस. म्हणून मराठी माणसाने मकाऊ बघताना गोवा डोक्यात ठेवावा. तिकडची कितीतरी वळणं मग ओळखीची वाटायला लागतात.

कधी जायचं

ऑक्टोबरचा मध्य ते डिसेंबर. हवा कोरडी आणि दिवसभर चालता येईल अशी. एप्रिलपासून दमटपणा सुरू होतो, आणि उन्हाळ्यात मुंबईच्या मे महिन्याची आठवण येते, वर वादळांचा धोका. वादळाचा इशारा ८ क्रमांकावर गेला की बस आणि बोटी बंद होतात. सप्टेंबर २०१८ च्या वादळात तर सगळ्या कॅसिनोंना टाळं लागलं होतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाणारच असाल तर परतीच्या विमानाच्या आधी एक दिवस हातात ठेवा.

चिनी नववर्ष, १ मेच्या आसपासची सुट्टी आणि १ ते ७ ऑक्टोबर हे दिवस कटाक्षाने टाळा. तेव्हा जुन्या शहराच्या मध्यातल्या सेनादो चौकात गणपतीतल्या दादरसारखी गर्दी असते आणि हॉटेलचे दर दुप्पट-तिप्पट होतात. नोव्हेंबरात गावच्याच रस्त्यांवर मोटारींची शर्यत होते. शौकीन असाल तर ठीक, नाहीतर ते चार दिवस बंद रस्त्यांमुळे नुसता वळसा. आणि रविवार ते गुरुवार राहा. शुक्रवार-शनिवारी खोलीचा भाव ऐकूनच परत फिरावंसं वाटतं.

कागदपत्रं आणि पोहोचणं

भारतीय पासपोर्टवर मकाऊत ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. गोंधळ होतो तो हाँगकाँगचा. मुंबईहून सोयीचं विमान हाँगकाँगचं, आणि तिथे शहरात उतरायचं तर आधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती फुकट असते, सहा महिने चालते, आणि एका वेळी १४ दिवस राहता येतं. नाव अगदी पासपोर्टवर आहे तसंच भरा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधल्या जागी असतं, ते एका ठिकाणी घातलं आणि दुसरीकडे गाळलं की घोळ सुरू. नोंदणीची चिठ्ठी छापून, सही करून जवळ ठेवा.

आता तीन वाटा.

पहिली, विमानतळावरूनच थेट मकाऊ. हाँगकाँगच्या इमिग्रेशनला न शिवता, आतल्या आतच बोटीच्या किंवा बसच्या खिडकीशी जायचं. तिथे सामानाची पावती द्यायची, बॅगा तेच हलवतात. बोट सुटायच्या निदान तासभर आधी त्या खिडकीशी पोहोचा. इथली चूक आम्ही केली: विमानातून उतरलेल्या गर्दीच्या मागे मेंढरासारखे चालत इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडलो. एकदा बाहेर पडलात की ही वाट संपली. त्यामुळे फलक वाचत चला, लोकांच्या पाठी बघू नका.

दुसरी, पुलावरची बस. आम्ही मग हीच घेतली. विमानतळावरून बी-४ बसने हद्दीच्या इमारतीत जायचं आणि तिथून सोनेरी बस, दिवसा ६५ हाँगकाँग डॉलर, रात्री ७०. चोवीस तास चालते आणि चाळीसेक मिनिटांत पोहोचवते. ऑक्टोबर २०१८ मध्ये उघडलेला हा पूल आणि बोगदा मिळून ५५ किलोमीटरचा आहे. मध्येच रस्ता समुद्राखाली जातो आणि पलीकडे पुन्हा वर येतो. आईने खिडकीला नाक लावून विचारलं, "अरे, पूल संपला की बुडाला?"

तिसरी, शहरातल्या शुंग वान धक्क्यावरून बोट. तासाभराचा प्रवास. लाटा असतील तर पोट हलतं, हाँगकाँग बघून मग मकाऊला येणाऱ्यांनी ही घ्यावी.

मकाऊत पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. कधीपर्यंत राहता येईल ते लिहिलेली एक छोटी चिठ्ठी देतात. बिल समजून फेकू नका.

घड्याळ अडीच तास पुढे करा. प्लगला तीन चौकोनी पिना लागतात, त्याचा अॅडॅप्टर इथूनच घ्या.

पैसे

इथलं चलन पटाका. १०० हाँगकाँग डॉलरला साधारण १०३ पटाका असा बांधलेला भाव आहे, पण दुकानदार हाँगकाँग डॉलर सरळ एकास एक घेतात. म्हणजे शेकड्यामागे तीन सुटतात. दोन-तीन दिवसांसाठी ते सोडून द्या, कारण पटाका हाँगकाँगमध्ये सहसा कोणी घेत नाही. थोडेच पटाका घ्या, मुख्यतः बससाठी. शहर बसचं भाडं सरसकट ६ पटाका, पेटीत टाकायचे, सुटे परत मिळत नाहीत. बस चांगल्या आहेत आणि थांब्यावर पोर्तुगीज नावं असतात, म्हणून आपल्याला वाचता येतात. टॅक्सीवाल्याला मात्र ठिकाणाचं चिनी नाव फोनवर दाखवा, पोर्तुगीज नावावर तो नुसता मान हलवतो.

आणखी एक सोय: धक्क्यावर आणि पुलाच्या नाक्यावर मोठ्या हॉटेलांच्या फुकट बस उभ्या असतात. त्या हॉटेलात राहत नसलात तरी बसता येतं. आम्ही तीन दिवसांत टॅक्सी एकदाच केली.

कॅसिनोबाहेर "चेंज मनी?" असं पुटपुटत जवळ येणाऱ्यांकडे बघूसुद्धा नका. जुगारासाठी असे बेकायदा पैसे बदलून देणं २०२४ पासून तिथे फौजदारी गुन्हा आहे, आणि नोटा खोट्या निघाल्या तर तुम्ही कुणाकडे जाणार?

राहायचं कुठे

गल्ल्यांसाठी जात असाल तर जुन्या शहरात, सेनादो चौकापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी राहा. खोल्या लहान, पण पहाटे बाहेर पडलं की अख्खं गाव तुमचं. लहान मुलं बरोबर असतील तर कोताईतली, म्हणजे भरावावरच्या नव्या कॅसिनो-वस्तीतली, अवाढव्य हॉटेलं बरी: तरणतलाव, खाऊगल्ल्या, सगळं एका छपराखाली. आम्ही एक रात्र इथे, एक तिथे केलं. सामान हलवायचा कंटाळा आला, तरी दोन्ही गावं बघायची हीच पद्धत योग्य वाटली. हाँगकाँगहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्यांना मकाऊ भेटत नाही, फक्त त्याची रांग भेटते.

सकाळची पायपीट: बार्रा ते सेंट पॉल

बहुतेक लोक सेंट पॉलपासून सुरुवात करतात आणि तिथेच दमतात. तुम्ही उलटे चला. सकाळी आठला बार्राला पोहोचा. बस जाते, आणि डिसेंबर २०२३ पासून तैपा बेटाहून हलकी रेल्वेही येते.

सुरुवात आ-मा देवळापासून. आ-मा ही दर्यावर्दींची देवी, आपल्या कोळीवाड्यांतल्या आयांसारखी. मकाऊ हे नावच तिच्यावरून आलं असं सांगतात. हे देऊळ पोर्तुगीज यायच्या आधीपासून उभं आहे. छताला उदबत्तीची मोठमोठी वेटोळी टांगलेली असतात, दिवसचे दिवस जळत राहणारी. आई बघून म्हणाली, "एवढी मोठी कासवछाप कुणी लावली?" मग चप्पल काढायला लागली. तिथे काढत नाहीत. तरी तिने काढलीच.

देवळाच्या बाजूने चढ चढलात की चारच मिनिटांत उजव्या-डाव्या कमानींची एक पिवळी-पांढरी लांबलचक इमारत दिसते. तिला मूरिश बराक म्हणतात. १८७४ मध्ये ती बांधली ती गोव्याहून आणलेल्या शिपायांसाठी, मकाऊच्या पोलिसांना कुमक म्हणून. कासुतो नावाच्या इटालियन वास्तुकाराचं काम. आज तिथे सागरी खात्याचं कार्यालय आहे, त्यामुळे खोल्यांतून हिंडता येत नाही, पण व्हरांड्यात उभं राहता येतं. पर्यटक इथे थांबत नाहीत, एक फोटो काढून पुढे सटकतात. तुम्ही दहा मिनिटं थांबा. खाली बंदर, वारा, आणि या कमानीत पहारा देणारी सालसेत-बारदेशची पोरं. त्यांनी घरी लिहिलेली पत्रं कुठल्या भाषेत असतील, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

पुढे लिलाव चौक. आपल्याला हसू येतं, कारण मराठीतला लिलाव पोर्तुगीजांकडूनच आला. पण या लिलावाचा बोलीशी संबंध नाही, हे डोंगरातल्या झऱ्याचं नाव. इथलं पाणी प्यायलेला मकाऊ विसरत नाही, अशी म्हण आहे. दोन मोठे वड, बाकं, आजूबाजूला हिरव्या झडपांची घरं. नाश्ता बरोबर असेल तर इथेच उघडा. चौकाला लागून मँडरिनचा वाडा आहे, चिनी सुधारणावादी लेखक चंग क्वान-यिंग यांच्या घराण्याचा. प्रवेश फुकट, बुधवारी बंद. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे चपटे तुकडे बसवलेले दिसतील, अगदी गोव्याच्या जुन्या घरांसारखे.

तसंच सरळ चालत राहा. सेंट लॉरेन्स चर्च बाहेरून बघितलंत तरी चालेल. पण सेंट जोसेफ सेमिनरीचं चर्च चुकवू नका. १७५८ चं, आणि आत एका काचेच्या पेटीत फ्रान्सिस झेवियरच्या दंडाचं हाड आहे. झेवियर १५५२ मध्ये इथून जवळच्याच एका बेटावर वारला. देह जुन्या गोव्यात, उजव्या हाताचा पुढचा भाग रोममध्ये, दंड इथे. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च पाहिलेल्या माणसाला इथे वेगळंच वाटतं.

सेंट ऑगस्टिन चौकात १८६० चं पोपटी रंगाचं दोम पेद्रो नाट्यगृह आहे आणि समोर हो तुंग वाचनालय, त्याच्या मागच्या बागेत बसून पाय मोकळे करता येतात. तिथून उतार उतरलं की सेनादो चौक. पायाखाली काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा. साधारण साडेदहा वाजले असतील आणि झेंडेवाल्या सहली येऊन पोहोचल्या असतील. या गर्दीत शिरण्याआधी मुख्य रस्त्यावरची १९१७ सालची एक जुनी गहाणवट पेढी बघून घ्या, आता तिचं छोटं संग्रहालय केलंय. मागे जाड भिंतींचा किल्ल्यासारखा बुरूज आहे, गहाण ठेवलेल्या वस्तूंचा. रात्री कॅसिनोत जायच्या आधी हे बघितलेलं बरं. आणि गहाणवटीचा धंदा आजही जोरात आहे: मोठ्या कॅसिनोंच्या आसपासच्या दुकानांतून सोन्याच्या साखळ्या आणि महागडी घड्याळं का लटकतात, ते मग कळतं.

सेंट डॉमिनिकच्या पिवळ्या चर्चवरून डावीकडची गल्ली धरली की दोन्ही बाजूंना बदामी बिस्किटांची आणि सुक्या मांसाची दुकानं. पोरी हातात कात्री घेऊन तुकडे कापून चाखायला देतात. काहीजण याच गल्लीवर जेवण भागवतात.

आणि मग पायऱ्यांवर सेंट पॉल. चर्च नाही, चर्चची नुसती दर्शनी भिंत. १६०२ ते १६४० च्या दरम्यान बांधलं, १८३५ मध्ये वादळी रात्री आग लागून बाकीचं सगळं गेलं. इथे लोक पाठ करून स्वतःचा फोटो काढतात. तुम्ही भिंतीकडे तोंड करा आणि वाचा. जपानमधून परागंदा झालेल्या ख्रिस्ती कारागिरांनी आणि चिनी गवंड्यांनी हे कोरलंय. खालून दुसऱ्या ओळीत चार ब्राँझचे संत आहेत, त्यातला डावीकडून तिसरा झेवियर. वरच्या ओळीत एक पोर्तुगीज गलबत. उजव्या बाजूला सात डोक्यांच्या नागावर उभी मेरी, आणि शेजारी चिनी अक्षरांत लिहिलंय की माउली ड्रॅगनचं डोकं तुडवते. कडेला पाणी फेकायला चिनी सिंह. भिंतीला टेकूनच ना-चा या बालदेवाचं १८८८ चं चिमुकलं देऊळ आहे, चर्चच्या कुशीत निवांत.

गुडघे साथ देत असतील तर शेजारच्या मोंते किल्ल्यावर चढा. नसतील तर संग्रहालयाचा सरकता जिना आहे. १६२२ मध्ये डचांनी मकाऊवर चाल केली तेव्हा या टेकडीवरून तोफा डागून त्यांना परतवलं होतं. आता एका तोफेच्या तोंडापुढे बरोबर ग्रँड लिस्बोआचा सोनेरी कमळ-मनोरा येतो. संग्रहालय सोमवारी बंद.

दुपारी हॉटेलवर जाऊन झोपा. खरंच सांगतो.

संध्याकाळी गिया, आणि पारशांचा रस्ता

गिया टेकडीवर १८६५ चं दीपगृह आहे, चीनच्या किनाऱ्यावरचं पहिलं पाश्चात्त्य धर्तीचं. फ्लोरा बागेतून छोटासा रोपवे वर नेतो. टेकडीच्या समुद्राकडच्या उतारावर पारशांच्या नावाचा रस्ता आहे. चिनी लोक त्याला 'पांढऱ्या डोक्यांचा रस्ता' म्हणतात, पांढऱ्या पगड्यांमुळे. तिथे १८२९ मध्ये स्थापन झालेली पारशी दफनभूमी आहे. ही माणसं मुंबईची. माळव्याची अफू मुंबई आणि पोर्तुगीजांच्या दमणमार्गे इकडे येई, आणि त्या पैशाचा मोठा वाटा पुढे मुंबईच्या पेढ्यांत आणि दानधर्मात गेला. दाराबाहेरून बघितलं तरी पुरे.

कॅसिनो

चीनमध्ये कॅसिनो कायदेशीर आहेत ते फक्त मकाऊत, बाकी सगळी भव्यता त्या एका गोष्टीतून येते. १९६२ पासून स्टॅन्ली हो यांच्या कंपनीची मक्तेदारी होती. ती २००२ मध्ये संपली, २००४ मध्ये पहिला अमेरिकी कॅसिनो उघडला, आणि २००६ मध्ये उलाढालीत मकाऊने लास व्हेगासला मागे टाकलं. तैपा आणि कोलोआन ही दोन बेटं भराव घालून जोडली. त्या भरावाचं नाव कोताई, आणि त्यावर आज व्हेनिसचा कालवा, निम्म्या उंचीचा आयफेल टॉवर आणि लंडनचं घड्याळ शेजारी शेजारी उभे आहेत. हे सगळं बघायला पैसे लागत नाहीत. विन पॅलेससमोरच्या तळ्यातली कारंजी संध्याकाळी अंधार पडल्यावर बघा.

आत जायचं तर:

वय २१ पूर्ण हवं, पासपोर्ट जवळ ठेवा. मुलांना दुकानांत आणि हॉटेलात फिरता येतं, खेळाच्या दालनात नाही. आत फोटो काढायचा नाही, मोबाइल वर केला की कोणीतरी लगेच येतं. सिगारेट फक्त वेगळ्या खोल्यांत. दारू फुकट फिरवत नाहीत, दुधाचा चहा आणि पाणी मात्र फिरत असतं, आणि तो चहा चक्क आपल्यासारखा कडक असतो.

टेबलावरचा फलक आधी वाचा, त्यावर किमान बोली लिहिलेली असते. ती शेकड्यांत असते आणि रात्री किंवा शनिवारी वाढते. कमी रकमेत हात साफ करायचा तर इलेक्ट्रॉनिक पडद्यांवर बसा.

इथला राजा खेळ बाकारा. एक बाजू 'बँकर', एक 'प्लेअर', तुम्ही कुणावरही लावा. पत्त्यांची बेरीज करून एकम स्थानचा आकडा बघायचा, ९ सगळ्यात भारी, दश्शी आणि चित्रं शून्य. बँकरवर जिंकलात तर ५ टक्के कापून घेतात, तरी घराचा, म्हणजे कॅसिनोचा, फायदा साधारण १.०६ टक्के, प्लेअरवर १.२४. म्हणजे शंभर लावले की सरासरी रुपया-सव्वा रुपया घराचा. 'टाय'वर मात्र शंभरातले चौदा. आठपट मिळेल म्हणून तिकडे हात जातो, तो आवरा. तीन फाशांच्या सिक-बोमध्ये 'मोठा' आणि 'लहान' एवढंच खेळा.

पण न खेळता मागे उभं राहून बघण्यातही मजा आहे. सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्याला पत्ता हाती मिळतो. आमच्यासमोर एक साठीच्या बाई होत्या, साधा स्वेटर, मनगटात जेडचं कडं. पत्ता उपडा ठेवून त्या कोपरा इंच इंच दुमडत वर काढायच्या, मध्येच त्यावर फुंकर मारायच्या, नको असलेलं चिन्ह उडून जावं म्हणून. टेबलाभोवतीचे वीसजण श्वास रोखून. पत्ता चुरगळून जातो, म्हणून तो पुन्हा वापरतच नाहीत. आई कानात म्हणाली, "आपल्याकडे श्रावणात रमी खेळतात तेव्हा असंच करतात की."

हरायची रक्कम खोलीतून निघतानाच वेगळ्या पाकिटात घाला, कार्ड तिजोरीत ठेवा. मकाऊच्या सरकारी नोकरांना चिनी नववर्षाचे मोजके दिवस सोडले तर कॅसिनोत पाय ठेवायला बंदी आहे. यावरून काय ते समजा.

तैपा आणि कोलोआन

शेवटचा दिवस इथे. तैपात जुनी वस्ती, १९२१ ची पाच पोपटी बंगल्यांची रांग, आणि एक जुना फटाक्यांचा कारखाना, झाडं-वेलींनी गिळलेला, आता फिरायला खुला. चलन पटाका आणि गावात फटाक्यांचा कारखाना, यावर कुणीतरी विनोद करतोच, तुम्हीही करून घ्या. कोलोआनला बसने जा. तिथे झेवियरच्या नावाचं पिवळं चॅपल, काळ्या वाळूचा हाक सा किनारा, आणि १९८९ मध्ये एका इंग्रज गृहस्थाने सुरू केलेली लॉर्ड स्टोची बेकरी. तिथला एग टार्ट गरमच खा, वरची साय जळकट आणि आत कस्टर्ड थरथरणारं.

खाण्याचं

मासे-मांस खाणाऱ्यांनी मिंची (परतलेला खिमा), पोर्क चॉप पाव आणि आफ्रिकन चिकन खावं. या चिकनच्या मसाल्यात आफ्रिका, गोवा आणि मलाक्का सगळ्या वाटा येऊन मिळतात. गोव्यात हल्ली मिळणारं सेरादुरा इथेही आहे, बिस्किटाचा भुगा आणि साय.

शाकाहारींची पंचाईत होते, पण उपासमार नाही. भारतीय खानावळी आहेत, बौद्ध शाकाहारी ठिकाणं आहेत. "मांस, मासे, अंडी, डुकराची चरबी चालत नाही" हे चिनीत लिहून फोनवर ठेवा. चरबीचा उल्लेख मुद्दाम करतोय, कारण बदामी बिस्किटांत ती असू शकते. खोलीत किटली असतेच. आईने पोह्याचं पाकीट आणि मेतकूट नेलं होतं, आणि कोताईतल्या सव्विसाव्या मजल्यावर, समोर आयफेल टॉवर लखलखत असताना, आम्ही मऊभात नाही पण मेतकूट-पोहे खाल्ले.

निघताना उरलेले पटाका तिथेच संपवा. आमच्याकडे बावीस होते. बसला बारा गेले आणि दहाची चणे-दाण्यासारखी पुडी आली, पुलावर निम्म्या वाटेतच संपली.